एकटं पिल्लू

आठवडी बाजार, एसटी स्टँडचं फाटक, जत्रेचा रस्ता, नाहीतर शहरात शाळा सुटायच्या वेळचा कोपऱ्यावरचा फूटपाथ. पुठ्ठ्याच्या खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं दाटीवाटीने उभी असतात आणि अखंड चिवचिवाट चाललेला असतो. मूल हट्ट धरतं, आईबाप वडापावच्या पैशांत एक पिल्लू घेऊन देतात. एकच, दोन कशाला? घरी बुटाच्या खोक्यात जुना रुमाल अंथरला जातो, बशीत पाणी येतं, समोर चिमूटभर तांदूळ पडतात. पहिले दोन दिवस पिल्लू मजेत असतं. तिसऱ्या दिवशी मलूल होतं आणि पाचव्या दिवशी गुलाबाच्या कुंडीत पुरलं जातं. घरात एकमत होतं की रंगात विष असणार, नाहीतर आजारीच माल गळ्यात मारला.

रंगाचा दोष त्या मानाने थोडा. रंगवताना पिल्लू ओलं होतं आणि गारठतं, तो धक्का खराच. पण तिसऱ्या दिवशीच्या मलूलपणाचं कारण दुसरं आहे. कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवस अंड्यात वाढतं आणि बाहेर पडण्याच्या जरा आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं. ही शिदोरी त्याला दोन, फार तर तीन दिवस पुरते. तिची सोय अशासाठी, की कोंबडीखालची सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. शेवटचं पिल्लू बाहेर येईपर्यंत आई जागची हलत नाही आणि आधी फुटलेल्यांना तोवर दाणापाण्यावाचून काढावं लागतं. हॅचरीवाल्यांनी नेमका याचाच फायदा घेतला. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून शेकडो मैल पाठवता येतात ती या बलकाच्या भरवशावर. तुमच्या घरात दोन दिवस मजेत दिसणारं पिल्लू बहुधा काहीच खात नसतं. तांदळावर चोच मारताना दिसतं, पण पोटात किती गेलं हे कोणी पाहिलेलं नसतं.

ही पिल्लं येतात कुठून, हेही माहीत असलेलं बरं. अंड्यांसाठी कोंबड्या पुरवणाऱ्या हॅचरीत जन्मणाऱ्यांपैकी निम्मे नर असतात. ते अंडी देणार नाहीत आणि या जातीचे नर मांसासाठी वाढवणं परवडत नाही. जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी एक दिवसाच्या पिल्लाची नर-मादी ओळखायची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवून दिली आणि तेव्हापासून जगभर ही निवड पहिल्याच दिवशी होते. बहुतेक ठिकाणी नर लगेच मारले जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यातले काही किरकोळ भावाने फुटतात आणि रंग चढून रस्त्यावर येतात. त्यांच्यात ब्रॉयलरची नाकारलेली, लहानखुरी पिल्लंही मिसळलेली असतात. गावाकडे एकटं पिल्लू वेगळ्या वाटेने येतं. घारीने, मुंगसाने किंवा बोक्याने बाकीची उचललेली असतात, किंवा आईच गेलेली असते. वाट कुठलीही असो, निगा तीच.

आणि तिची सुरुवात खाण्यापासून होत नाही. सुरुवात उबेपासून होते.

मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. नव्या पिल्लाला तेवढी ऊब स्वतःच्या बळावर टिकवता येत नाही. अंगावर नुसती लव असते, खरी पिसं यायला काही आठवडे लागतात. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली किंवा दहा-बारा भावंडांच्या गर्दीत हा प्रश्न सुटतो. एकट्या पिल्लाला बिलगायला कोणीच नसतं, म्हणून पोल्ट्रीच्या शेडमध्ये हजार पिल्लांना जी ऊब पुरते तीही त्याला कमी पडू शकते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३२ ते ३५ अंश हवेत. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश उतरवत जायचं, पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत. खोलीचं तापमान पाहून उपयोग नाही. थर्मामीटर खोक्यात, पिल्लाच्या उंचीवर ठेवायचा. मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी वेगळी ऊब लागणारच नाही, उलट सावली शोधावी लागेल. डिसेंबरात नाशिकला रात्रभर लागेल.

एक अडचण अलीकडची. जुन्या लोकांचा उपाय म्हणजे खोक्यावर साठ वॅटचा पिवळा बल्ब. तो बल्ब आता घराघरांतून गेला आणि त्याच्या जागी आलेला एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. त्याखाली पिल्लू लख्ख उजेडात गारठतं आणि घरच्यांना वाटतं सोय झाली. तारेचा जुना बल्ब विजेच्या सामानाच्या दुकानात अजून मिळतो. उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, तो जास्त चांगला, कारण पिल्लाला रात्र मिळते. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवावी आणि दोन-तीन तासांनी पाणी बदलावं. बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला असावा, म्हणजे पिल्लाला जवळ किंवा लांब जाता येतं. ते बल्बखाली आखडून कर्कश ओरडत असेल तर थंडी आहे. लांब कोपऱ्यात चोच उघडी ठेवून, पंख पसरून धापा टाकत असेल तर उकाडा. तळवे गार लागले तर खाऊ घालण्याच्या भानगडीत पडू नका, आधी ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. बल्ब मात्र पक्का बांधा. भुश्यात पडलेल्या बल्बने शेडच्या शेड जळालेल्या आहेत.

खाली वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि पहिल्या दिवसांत पाय फाकले की ते जन्माचे फाकू शकतात. गोणपाटाचा तुकडा किंवा खरखरीत कापड चांगलं. तूस किंवा लाकडाचा भुसा आठवडाभराने, पिल्लाला दाणा आणि भुसा यांतला फरक कळायला लागल्यावर.

मग पाणी. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे कोमट पाण्यात चोचेचं टोक एकदा, हलकेच बुडवणं. लांबून आलेल्या पिल्लांना पोल्ट्रीवाले पहिले काही तास गुळाचं पाणी देतात; घरीही चालेल, पण दिवसभर ठेवू नये, आंबतं. बशी उथळ हवी आणि तिच्यात काचेच्या गोट्या टाकाव्यात. पिल्लू चमकणाऱ्या वस्तूवर चोच मारतं, म्हणून गोट्यांमुळे पाणी लवकर सापडतं आणि बशीत बुडायची भीतीही जाते. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडणं हा प्रेमाचा प्रकार टाळा. ते श्वासनळीत जातं.

आता खाणं, आणि त्यातही तांदूळ. पिल्लाला तांदूळ हे आपल्याकडे इतकं गृहीत आहे की त्याबद्दल कोणी विचारही करत नाही. तो विचार सव्वाशे वर्षांपूर्वी जावा बेटावर झाला आणि त्यातून एका माणसाला नोबेल मिळालं.

क्रिस्टियान आइकमान हा डच लष्करी डॉक्टर बाताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचा शोध घेत होता. सैनिकांचे, कैद्यांचे पाय लुळे पडत, हृदय थकत आणि माणसं मरत. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तो जंतू शोधत होता. १८९० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या, तोल जाऊन पडू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला. मग पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या चालू लागल्या. आचाऱ्याच्या या कडक शिस्तीचे उपकार वैद्यकशास्त्रावर आहेत. आइकमानला आधी वाटलं की पांढऱ्या तांदळात विष आहे आणि कोंड्यात उतारा. त्याच्यानंतर तिथे काम करणाऱ्या गेरिट ग्रेन्सने १९०१ मध्ये योग्य अर्थ लावला: पांढऱ्या तांदळात काहीतरी गरजेचं नाहीच. ते म्हणजे थायमिन, बी-१ जीवनसत्त्व. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं.

फक्त तांदळावर ठेवलेलं पिल्लू पुरेसे दिवस जगलं तर घरोघर हाच प्रयोग पुन्हा होतो. मान मागे वळून पिल्लू आकाशाकडे पाहू लागतं, ही थायमिनची टंचाई. पायाची बोटं आत मुडपून ते गुडघ्यांवर सरकू लागतं, ही रायबोफ्लेविनची. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम याने चरबी काढून टाकलेल्या खाद्यावर पिल्लं ठेवली, तेव्हा त्यांच्या कातडीखाली रक्त साकळू लागलं. त्यातून के जीवनसत्त्व सापडलं आणि डामला १९४३ चं नोबेल मिळालं. पोषणाबद्दल माणसाला जे कळलं त्यातलं बरंचसं उपाशी पिल्लांनी शिकवलेलं आहे. त्याचं कारण साधं आहे. हा जीव फार वेगाने वाढतो, त्यामुळे खाण्यात काय कमी आहे ते दोन आठवड्यांत अंगावर दिसतं.

वाढ ती किती? बाहेर येताना पिल्लू चाळीस ग्रॅमच्या आसपास असतं. अंड्यांच्या जातीचं असेल तर आठवड्याअखेर सत्तरच्या जवळ जातं. या वाढीला खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. तांदळात ती सात टक्के, मक्यात नऊ आणि बाजरीत अकरा-बारा. कणी, भरडा, चुरी यांचं कितीही मिश्रण केलं तरी नुसत्या धान्याने वीसचा आकडा गाठता येत नाही. अंगणातलं पिल्लू कणीवर वाढलेलं आपण पाहिलेलं असतं हे खरं, पण ते कणीवर वाढत नसतं. आईमागून उकिरडा उकरताना ते किडे, अळ्या, गांडुळं, कोवळी पानं खात असतं. गावाकडच्या बाया वाळवीचं ढेकूळ आणून पिल्लांपुढे फोडतात ते उगाच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत यातलं काही नसतं, कणी तेवढी असते.

म्हणून पिल्लांचं तयार खाद्य, चिक स्टार्टर, आणा. पोत्यात पन्नास किलो असतं आणि दुकानदार सुटं देत नाही, ही अडचण खरी आहे. पण कुठल्याही पोल्ट्रीवाल्याकडे उघडं पोतं असतं. अंड्यांच्या जातीचं पिल्लू पहिल्या आठवड्यात दिवसाला जेमतेम दहा ग्रॅम खातं, आणि आठ आठवड्यांचं होईपर्यंतची त्याची सगळी भूक दोन किलोंच्या आसपास भागते. तेवढं कोणीही हसत देईल. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र घेऊ नका. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं, आणि जास्तीच्या भाराने त्याचं मूत्रपिंड जातं. पावसाळ्यात खाद्य हवाबंद डब्यात ठेवा. मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. हे विष सापडलं तेच १९६० मध्ये इंग्लंडात, बुरसटलेल्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा.

स्टार्टर मिळेपर्यंतचे एक-दोन दिवस काढायचे तर उकडलेलं अंडं बारीक कुस्करून द्यावं. कोंबडीच्या पिल्लाला अंडं कसं घालायचं, असं अनेकांच्या मनात येतं. त्याने तीन आठवडे दुसरं काही खाल्लेलंच नाही हे लक्षात घ्या. सोबत मक्याचा बारीक भरडा किंवा नाचणी. कच्चं सोयाबीन नको, त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. दूध नको. फरसाण, पाव, खारी, खारवलेली सुकट नको. मिठाला पिल्लू फार लवकर बळी पडतं. सुकट द्यायचीच तर धुऊन, वाळवून, कुटून. धान्य किंवा पालेभाजी सुरू केली की चिमूटभर जाड वाळू ठेवा. कोंबडीला दात नाहीत. कलेजी-पेट्यातला तो पेटा म्हणजे तिचं जातं, आणि त्यात खडे लागतात. नुसतं स्टार्टर खाणाऱ्याला वाळूची गरज नाही.

हाडांसाठी ऊन हवं. काचेच्या बंद खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही, कारण डी जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. पिल्लाला रोज थोडा वेळ उघड्यावर, मांजर आणि कावळा यांच्यावर डोळा ठेवून, उन्हात सोडावं. शेजारी सावलीही असावी.

आता समजा, ऊब बरोबर आहे, स्टार्टर समोर आहे, आणि तरीही पिल्लू खात नाही. इथे एकटेपणाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. चोच मारणं पिल्लाला उपजत येतं. कशावर मारायची, हे मात्र ते आईकडून आणि भावंडांकडून उचलतं. कोंबडी दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते आणि घशातून विशिष्ट आवाज काढते. पिल्लं धावत येतात. एक खायला लागलं की बाकीची खातात, पोट भरलेलंसुद्धा पुन्हा चोच मारतं. एकट्याला हा इशाराच मिळत नाही. उपाय अगदी सोपा आहे. बोटाच्या किंवा पेन्सिलीच्या टोकाने खाद्यावर टकटक करा. पिल्लू त्या टोकाला आईची चोच समजून शेजारी चोच मारू लागतं. पहिले दोन-तीन दिवस दर तासाला हे करायचं. संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपून पाहा. भरलेली, मऊसर लागली तर जेवण झालंय.

पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांत जो हलता जीव पाहतं त्याच्यामागे जातं, हे डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज माणसाने १८७३ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. त्याने पिल्लांचे डोळे अंड्यातून बाहेर येतानाच टोपीने झाकले आणि वेगवेगळ्या वेळी उघडले. लवकर उघडले ती पिल्लं त्याच्यामागे धावली. उशिरा उघडले ती त्याला पाहून भेदरली. पुढे कोनराड लोरेन्झने हंसांवर हेच सविस्तर दाखवलं आणि नाव त्याचं झालं. तुमचं पिल्लू तुमच्या टाचेमागे धावतं आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात की जीव तोडून ओरडतं, ते यामुळे. त्या ओरडण्यात शक्ती जाते, खाणं थांबतं, वजन उतरतं. याक पांकसेप या संशोधकाने एकट्या पिल्लांच्या या आक्रोशावर पुष्कळ काम केलं. त्याने पाहिलं की दोन्ही हातांच्या ओंजळीत हलकेच झाकून धरलं की पिल्लू शांत होतं, डोळे मिटतं. खोक्यात छोटा आरसा लावला तरी ओरडणं कमी होतं. मऊ फडक्याचं बाहुलं किंवा उलटा टांगलेला पिसांचा झाडू दिला की ते त्याखाली शिरून झोपतं.

पण हे सगळे पर्याय दुय्यम आहेत. खरा उपाय म्हणजे दुसरं पिल्लू. त्याच वयाचं, फार तर आठवडाभर मागेपुढे. खाण्याची टकटक ते करतं, ऊब ते देतं, आक्रोश पहिल्या तासात थांबतो. एकाची ऊब, एकाचं खोकं दोघांना पुरतं; खाद्य दुप्पट लागलं तरी खर्चात फारसा फरक पडत नाही. गावात असाल तर त्याहून चांगली सोय आहे. शेजारी नुकतीच पिल्लं काढलेली कोंबडी असेल तर अंधार पडल्यावर, ती डालग्यात पिल्लं घेऊन बसली की आपलं पिल्लू हळूच तिच्या पोटाखाली सारायचं. पहिल्या तीन-चार दिवसांतलं असेल तर बहुतेकदा सकाळी ते तिचं झालेलं असतं. दिवसाढवळ्या सोडलंत तर टोचून मारेल.

माणसातच वाढलेल्या पिल्लाचं पुढे कठीण होतं. त्याला कोंबड्यांची रीत कळत नाही. कळपात कोण कोणाला टोचू शकतं याची उतरंड असते. ती थोरलेइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियनाने शाळकरी वयात कोंबड्यांच्या वह्या ठेवून ओळखली आणि १९२१-२२ च्या सुमारास छापली. त्या उतरंडीत नवखा एकटा सगळ्यात खाली जातो. मिसळायचं असेल तर आठ-दहा दिवस मधे जाळी ठेवावी.

आजारांचं थोडक्यात. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली तर ओढू नका, कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा. मानमोडीची लस पाचव्या ते सातव्या दिवशी देतात, पण एका बाटलीत शंभर आणि जास्त पक्ष्यांचे डोस असतात आणि विरघळवली की ती दोन-एक तासांत संपवावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, कोणाच्या कळपासाठी बाटली फोडतील त्या दिवशी आपलं पिल्लू घेऊन जा. पिल्लाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत आणि पिल्लाची पापी घ्यायची नाही. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन करा. खातंय की नाही हे तर कळेलच, शिवाय आणखी एक गोष्ट कळेल. आठवड्यात दीडशे ग्रॅमच्या पुढे गेलं तर ते ब्रॉयलर आहे. समोर कायम खाद्य ठेवलं तर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाऊन पायावर बसेल. त्याला पहिल्या आठवड्यानंतर मोजून द्यावं आणि चालायला लावावं. सत्तर ग्रॅमच्या आसपास राहिलं तर अंड्यांच्या जातीचं, आणि रस्त्यावरून आणलेलं असेल तर जवळजवळ नक्की नर. तीन-चार महिन्यांत पहाटे चार वाजता आरवणारा. कोंबडं पाच-सात वर्षं जगतं आणि कुठल्याही सोसायटीचा सेक्रेटरी त्याला पाच-सात दिवसांहून जास्त सहन करत नाही. त्यामुळे ज्याच्या अंगणात कोंबड्या आहेत असा गावाकडचा नातेवाईक, मित्र, शेतकरी आताच, पिल्लू खोक्यात आहे तोवरच शोधून ठेवा. दोन महिने वाढवून, अंगावर पूर्ण पिसं आल्यावर त्याच्याकडे पोचवा, आणि दोन्ही पिल्लं एकत्रच द्या.